'हेल्थ गुड' सांगितलं आणि तीन आठवड्यांत हार्ड डिस्क गेली: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. मार्चमध्ये आमच्याकडे कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तपासून घेतलीत, आम्ही 'हेल्थ गुड' सांगून ३०० रुपये घेतले आणि तीन आठवड्यांत ती टकटक करत बंद पडली. वडिलांच्या शेवटच्या वर्षाचे फोटो त्यात होते. कंपनी डिस्कचं आयुष्य १० लाख तास सांगते आणि डिस्क तीन वर्षं दोन महिन्यांत जाते, म्हणजे आम्ही डुप्लिकेट माल विकला, असं तुम्ही लिहिलंय.

माल डुप्लिकेट नव्हता. बिलावर सिरीयल नंबर आहे, तो कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा. पण 'गुड'बद्दलची तुमची तक्रार खरी आहे. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवरचा निळा शेरा बघून "बिनधास्त वापरा" म्हटलं. त्याला तसं बोलायला मीच शिकवलं होतं. चूक माझी आहे, त्याबद्दल माफी मागतो.

ती तपासणी म्हणजे डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद. खराब सेक्टर (डेटा साठवायचे बारीक कप्पे) वाढले तर ती सावध करते, आणि तो इशारा गंभीरपणे घ्यायचा असतो. पण नोंद कोरी असली म्हणून डिस्क सुरक्षित आहे असं नाही. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. त्यात बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर, तापमान सोडलं तर, आधी एकही खूण नव्हती. हे आम्ही तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

१० लाख तासांचं म्हणाल तर ते ११४ वर्षं होतात, आणि इतकी कुठलीच डिस्क चालत नाही. तो आकडा एका डिस्कचा नसतोच. हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर साधारण नऊ जातील, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात त्याहून जास्त जातात. बॅकब्लेझ या अमेरिकन बॅकअप कंपनीने २०१३ साली आपल्या २५ हजारांहून जास्त डिस्कचा हिशेब मांडला. चार वर्षांनी सुमारे ८० टक्के चालू होत्या, पण तीन वर्षं उलटल्यावर वर्षाला जवळपास १२ टक्के बंद पडत होत्या. तुमची डिस्क नेमकी त्याच वयाची होती. "आजच दुसरीकडे कॉपी करून घ्या" एवढं एक वाक्य आम्ही बोललो असतो, तर फोटो वाचले असते.

तपासणीचे ३०० रुपये परत घेऊन जा. डिस्क डेटा रिकव्हरी लॅबला न्यायचा-आणायचा खर्च आमचा. लॅबचा अंदाज आल्यावर आधी तुम्हाला कळवू. तुम्ही हो म्हणालात तर निम्मं बिल दुकान भरेल. फोटो मिळतीलच असं आज सांगत नाही. गेल्या आठवड्यापासून तपासणीच्या पावतीवर 'गुड' लिहिणं बंद केलंय. डिस्कचं वय, किती तास चालली आणि बॅकअप आहे का, हे लिहून ग्राहकाला वाचून दाखवतो.

तोवर एक विनंती. टकटक आवाज म्हणजे आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, नीट वाचू शकत नाहीये. दर वेळी चालू केल्यावर प्लॅटरवर, म्हणजे डेटा असलेल्या चकतीवर, ओरखडा पडायची भीती असते. कुणालाही ती लावून बघू देऊ नका, उघडू देऊ नका. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तरी ठेवू नका, आत दमट हवेचं पाणी होतं. तशीच रुमालात गुंडाळून ठेवा. तुम्ही सांगाल त्या दिवशी मी स्वतः घरी येऊन घेऊन जाईन.