'ट्रस्ट तुटलाय' असं ठरवण्याआधी

विंडोजच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेतले युजर आणि मशीन सांभाळणाऱ्या यंत्रणेत, चाइल्ड (खालच्या) डोमेनच्या युजरला पॅरेंट (वरच्या) डोमेनमधल्या अॅप्लिकेशनमध्ये लॉगिन करता येत नसेल, तर सिस्टिम अॅडमिन मंडळींत एक सल्ला हमखास फिरतो: ट्रस्ट (दोन डोमेनमधलं एकमेकांचे युजर मान्य करण्याचं नातं) तुटलाय, तो डिलीट करून नव्याने बनवा, मशीन डोमेनमधून काढून परत जोडा आणि फायरवॉलवर ३८९ (एलडॅपचं, म्हणजे डिरेक्टरीत शोधण्याच्या प्रोटोकॉलचं पोर्ट) उघडा.

मुळात हा ट्रस्ट कुणी हाताने बनवलेला नसतो. चाइल्ड डोमेन उभं राहतानाच अॅक्टिव्ह डिरेक्टरी तो आपोआप तयार करते, दुतर्फा आणि ट्रान्झिटिव्ह (जोडलेल्या पुढच्या डोमेनपर्यंतही पोचणारा). तो नेहमीच्या मार्गाने डिलीट करताच येत नाही. खरंच बिघडला असेल तर नेटडॉम कमांडने रीसेट होतो, पण आधी एनएलटेस्ट कमांडने तपासा तरी.

मशीन काढून जोडण्याचा उपाय वेगळ्याच दुखण्यावरचा आहे. वर्कस्टेशन आणि प्रायमरी डोमेनमधला ट्रस्ट फेल झाल्याचा मेसेज येतो, तो मशीन आणि तिच्या स्वतःच्या डोमेनमधल्या सिक्युअर चॅनलबद्दल, म्हणजे सुरक्षित जोडणीबद्दल. पॅरेंटचा त्यात संबंध नाही.

आता ३८९. हे पोर्ट बहुधा उघडंच असतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पॅरेंटचा डोमेन कंट्रोलर (डोमेनची माहिती ठेवणारा सर्व्हर) ३८९ वर फक्त आपल्या डोमेनचे युजर दाखवतो. चाइल्डच्या युजरसाठी रेफरल ('तिकडच्या सर्व्हरला विचारा' असा पत्ता) देऊन मोकळा होतो. कित्येक अॅप्लिकेशन्स त्या रेफरलमागे जातच नाहीत आणि 'युजर सापडला नाही' म्हणतात. शोध ३२६८ वर, म्हणजे ग्लोबल कॅटलॉगवर न्या. टीएलएस (एनक्रिप्शन) असेल तर ३२६९. तिथे अख्ख्या फॉरेस्टचे (जोडलेल्या सगळ्या डोमेनचे) युजर मिळतात, पण अॅट्रिब्यूट (युजरच्या माहितीचे रकाने) मोजकेच, आणि दुसऱ्या डोमेनमधल्या ग्रुप्सपैकी सदस्ययादी फक्त युनिव्हर्सल ग्रुपची. म्हणून लॉगिन होतं पण ग्रुपवरून ठरणारा रोल मिळत नाही, आणि खापर पुन्हा ट्रस्टवर!

एलडॅपचा एरर ४९ आला तर त्यातला 'डेटा'चा आकडा वाचा. ५२५ म्हणजे युजर सापडला नाही, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ७७५ म्हणजे खातं लॉक. यातला एकही आकडा ट्रस्टबद्दल बोलत नाही.

'सर्व्हरच्या नावाने होत नाही, आयपीने होतं' हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो उलट बाजूचा आहे. आयपी दिला की विंडोज सहसा कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत सोडून एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर जातं, आणि चाइल्डच्या युजरची एनटीएलएम पडताळणीही ट्रस्टवरूनच होते. तेव्हा ट्रस्ट चालू आहे. एसपीएन (कर्बेरॉससाठी नोंदवलेलं सर्व्हिसचं नाव) चुकलाय का, डीएनएसमध्ये नाव बरोबर उलगडतंय का, आणि घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक आहे का, ते बघा.