‘मृत अन्न’, जिवंत एन्झाइम आणि बी-१

‘46 अंशांच्या वर तापवलं की एन्झाइम मरतात, अन्न मृत होतं, म्हणून सगळं कच्चंच खा.’ हा मेसेज फिरतोय. उष्णतेने एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) निकामी होतात हे खरं, तापमान मात्र प्रत्येकाचं वेगळं. गडबड पुढच्या ‘म्हणून’मध्ये आहे.

‘एन्झाइम पोषण वाढवतात.’ थायमिनेज हे एन्झाइम काय करतं बघा. बी-१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व. त्याच्या रेणूतल्या दोन कड्यांमधला सांधा ते तोडतं. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि हेरिंग हे मासे, काही शिंपले आणि ब्रॅकन नेचा यांत ते असतं. फटका फक्त त्या माशातल्या बी-१ला बसत नाही, सोबत कालवलेल्या धान्यातलंही जातं, आणि तेही पोटात जाण्याआधी, भांड्यातच.

‘प्राणी कच्चंच खातात, त्यांना कुठे काय होतं?’ होतं की. 1932 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या चास्टेक यांच्या फार्मवर कच्च्या माशांवर पोसलेल्या कोल्ह्यांना लकवा झाला; रोगाला त्यांचंच नाव पडलं. तोच मासा शिजवून दिला की त्रास होत नव्हता. मांजराला रोज कच्चा मासा घालत असाल आणि त्याची मान छातीकडे झुकू लागली, चाल डगमगू लागली, तर थेट पशुवैद्य गाठा. तिथे तासांचा हिशोब असतो.

‘फ्रीज केला की झालं.’ थंडीने जंत मरतात, थायमिनेज तग धरतं. बर्फ सुटताना कामालाही लागतं. म्हणूनच गोठवलेल्या माशांवर जगणाऱ्या पाळीव सील-डॉल्फिनना खाऊ घातलेल्या माशांच्या दर किलोमागे 25 ते 30 मिलिग्रॅम थायमिन वेगळं देतात. वाळवूनही भागत नाही: गवतात मिसळलेला सुका ब्रॅकन घोड्यांना बाधतो. गायीच्या पोटातले जिवाणू बी-१ बनवतात, म्हणून या बाबतीत ती बरीचशी सुटते (ब्रॅकनची इतर विषं तिलाही सोडत नाहीत).

‘शिजवल्यानेही बी-१ जातंच ना?’ हा मुद्दा मान्य. थोडं उष्णतेने, बरंचसं ओतून दिलेल्या पाण्यातून. तेव्हा भाताची पेज टाकू नका. छोले लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालतात, तोही नको: अल्कलीत थायमिन टिकत नाही. आधी रात्रभर भिजवा, मग कुकर. मासा मात्र तुकडा मधोमध पांढरा, अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटेपर्यंत शिजवा.

चहा आणि सुपारीतले टॅनिनही बी-१ला बाधतात, पण ते एन्झाइम नाहीत. उकळून जात नाहीत. चहा जेवणाला लागून नको, तासाभराने घ्या.