दयाळ नव्हे, थिरथिरा आहे तो

रंकाळ्यावर सकाळी फिरताना दिसलेल्या तपकिरी पक्ष्याचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय हा कोण, तर तो थिरथिरा आहे बघा, मादी. काहीजण दयाळची मादी म्हणतायत पण दयाळच्या पंखावर पांढरा पट्टा असतोय की, आणि शेपटी काळी-पांढरी, बऱ्याचदा उभी. ह्याची शेपटी विटकरी आणि बसल्या जागी सारखी थरथर, मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यागत. नर असता तर डोकं-छाती काळी न पोट नारंगी, मग डाऊटच नव्हता. थंडीपुरता येतो, उन्हाळा लागला की हिमालयाकडं, मध्य आशियाकडं परत.

दुसरा तो पिवळ्या पोटाचा, त्याला सगळे डोळे झाकून पिवळा धोबी म्हणून मोकळे होतात. पाय बघा ओ आधी! काळे असले तर पिवळा धोबी, फिक्कट गुलाबीसर असले न पाठ राखाडी असली तर करडा धोबी, शेपटीपण ह्याची जास्त लांब आणि सारखी खालीवर. तुमच्या फोटोत पाय गवतात गेलेत म्हणून पाठीवरनं सांगतो, करडाच.

कळंबा तलावाकडं पण जाऊन या एकदा. गवतावरनं अगदी खालनं तरंगत जाणारा, पंख व्हीसारखे वर धरलेला मोठा पक्षी दिसला तर घार म्हणून सोडून देऊ नका, भोवत्या नावाचा शिकारी पक्षी असू शकतो तो; घारीच्या शेपटीला खाच असते, भोवत्याच्या नसते. पक्षी ओळखायचं मर्लिन ॲप ठीकाय, पण फोटो अंधुक असला की तेपण गंडतंय, त्यापेक्षा शेपटी न पाय दिसतील असा एकतरी फोटो काढत जावा.