माउंट जुळले म्हणजे काम झालं?

जुन्या फोर-बाय-फोर गाडीत नवं डिझेल इंजिन बसवण्यावरच्या लेखातलं "माउंट (इंजिन धरणारे आधार) आणि बेल हाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळलं की नव्वद टक्के काम संपलं" हे वाक्य काही पटलं नाही. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. हॉर्सपॉवरचे आकडे सगळे बघतात, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पुढे कुठे जातो ते कोणी बघत नाही. साधा हिशेब करा: इंजिन 400 न्यूटन मीटर देतंय, पहिला गिअर 4:1, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) लो रेंज 2.5:1, डिफरन्शियल (अॅक्सलमधले गिअर) 4:1. गुणाकार 40, म्हणजे चाकांकडे कागदावर तरी 16,000 न्यूटन मीटर. निम्म्या टॉर्कसाठी बनवलेले जुने अॅक्सल शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) चाक दगडात अडकलं की काडीसारखे मोडतात. मित्राच्या गाडीचा मागचा शाफ्ट असाच गेला. इंजिन मात्र ठणठणीत!

वायरिंगबद्दल तर अवाक्षर नाही. नव्या डिझेलच्या ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप), वेगाचा सिग्नल, पेडल सेन्सर सगळं जागेवर लागतं, नाहीतर गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कमी करून) रांगत बसते. आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. आणि ब्रेक? वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. ते जुन्या ड्रमच्या भरवशावर सोडू नका. आधी पुढे मोठ्या डिस्क बसवा, मग इंजिन शोधा.