रोग रॅमला, औषध कपॅसिटरला

"कपॅसिटर बदलून टाक."

जुना कॉम्प्युटर चालू होत नाही असं तोंडातून निघायचा अवकाश, की समोरून हे तीन शब्द येतात. (कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा छोटा पार्ट.) चित्र दिसत नाही? कपॅसिटर. आवाज नाही? कपॅसिटर. कॅसेटवरून गेम लोड होत नाही? कपॅसिटर. कीबोर्डचं एक बटण दाबलं जात नाही? तरी कपॅसिटर! अरे, बटणाखाली कपॅसिटर नसतो. (काही कीबोर्ड कपॅसिटिव्ह असतात, ठाऊक आहे मला. मध्ये बोलू नका, आज डोकं फिरलंय.)

गेले नऊ दिवस माझं टेबल एका कमोडोर ६४ने अडवून ठेवलंय. १९८२ साली बाजारात आलेलं मशीन. विकत घेताना सोबत वर्णन होतं: "काळा पडदा येतो. सगळे कपॅसिटर नवीन टाकले आहेत. जाणकाराला किरकोळ काम." किरकोळ! किरकोळ होतं तर तूच का नाही केलंस, हा प्रश्न मला पैसे दिल्यानंतर पडला. सोबत मूळ पॉवर सप्लाय, तोही म्हणे चालू स्थितीत.

घरी आणून जोडलं. काळा पडदा नाहीच. टीव्ही म्हणतो, सिग्नलच नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. दिसायला दोन्ही सारखंच, समोर काहीच नाही. पण आतून या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काळा पडदा येतो तेव्हा व्हिक म्हणजे चित्र तयार करणारी चिप जिवंत असते, घड्याळ (सगळ्या चिप्सना ताल देणारा ठोका) चालू असतं, टीव्हीला सिंक म्हणजे चित्र जुळवायचा इशारा मिळत असतो; फक्त दाखवायला काही नसतं. सिग्नलच नसतो तेव्हा दुखणं त्याच्याही आधीचं असतं. वर्णनात एक, टेबलावर दुसरंच. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी काहीतरी केलेलं आहे. हे माझ्या डोक्यात चौथ्या दिवशी आलं. तोवर मी पीएलए बदलून पाहिली (कुठल्या चिपने कधी बोलायचं ते ठरवणारी चिप; ती तापते आणि मरते, म्हणून पहिला संशय तिच्यावर), प्रोसेसर दुसऱ्या मशिनचा लावून पाहिला, व्हिक काढून घातली, डेड टेस्टचं, म्हणजे बिघाड शोधायचं कार्ट्रिज लावलं. कशानेच काही नाही. आणि डेड टेस्ट हे असं कार्ट्रिज आहे की रॅम मेलेली असो, रॉम मेलेला असो, ते काही ना काही बोलतंच. तेही गप्प! मला वाटलं कार्ट्रिजच मेलं.

मग बोर्ड उलटा केला, भिंग घेतलं आणि त्या नवीन कपॅसिटरांकडे पाहिलं.

काय सांगू! माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. फ्लक्सचा चिकट काळा राप तसाच. सोल्डरचे गोळे. दोन पॅड जागेवरून उठून पायाला लोंबकळतायत. आणि रेक्टिफायरजवळचा (एसीचं डीसी करणारा पार्ट तो) मोठा कपॅसिटर: खालून सोल्डर अगदी चकचकीत, कोणीही म्हणेल झकास काम केलंय. मल्टिमीटर लावला तर वरच्या बाजूच्या ट्रॅकशी संबंधच नाही. हा बोर्ड दोन्ही बाजूंनी तांब्याचा आहे. भोकाच्या आत तांब्याचं पातळ अस्तर असतं, तेच वरचा आणि खालचा ट्रॅक जोडतं. पुरेशी उष्णता न देता जुना पार्ट हिसका मारून ओढला, की ते अस्तर पायाबरोबर बाहेर येतं. नंतर खालून कितीही सोल्डर ओता, वरचा ट्रॅक तुटलेलाच राहतो.

आणि तो ट्रॅक कुठला होता? या जुन्या बोर्डांत बाहेरून दोन वेगळे पुरवठे येतात, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. त्या ९ व्होल्टपासून बोर्डावरच आणखी एक ५ व्होल्ट तयार होतो, खास व्हिकसाठी आणि घड्याळासाठी. तो तुटला की व्हिक उपाशी, घड्याळ बंद, प्रोसेसर बंद. डेड टेस्ट बोलणार कशाच्या जोरावर? म्हणजे मूळ बिघाड होता तो होताच. या महाशयांनी त्याच्यावर दुसरा चढवला, आणि असा चढवला की पहिला दिसूच नये.

बरं, त्याने काढलेले मूळ कपॅसिटर एका पुडीत घालून दिले होते. पुरावा म्हणून असावेत. मी एकेक मोजले. सगळे ठीक. चाळीस वर्षांचे म्हातारे, पण क्षमता ठीक, गळती नाही. नव्यांपैकी एक मात्र वरून फुगलेला, कारण तो उलटा बसवला होता. बोर्डावर अधिकचं चिन्ह छापलेलं आहे, कपॅसिटरच्या अंगावर उणेचा पट्टा आहे, आणि तरी. या आख्ख्या मशिनमध्ये बिघडलेला कपॅसिटर एकच होता, आणि तो नवा होता.

माझं भांडण कपॅसिटरशी नाही. कमोडोरचेच अमिगा ६०० आणि १२०० घ्या, १९९२ची मशिनं. त्यांच्या बोर्डावर चिकटवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर खरोखर गळतात, आतला द्रव पॅड आणि ट्रॅक खाऊन टाकतो. तिथे बदलायचेच, चालू मशिनचेही बदलायचे. बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला तो पिवळसर, काचेसारखा दिसणारा कागदी कपॅसिटर, ज्याच्या आवरणाला तडे जाऊन आत दमट हवा शिरते: तो प्लग लावण्याआधी काढा, नाहीतर खोलीभर धूर होतो आणि तो वास पडद्यांतून जात नाही. हे सगळं मान्य. पण यांना कारण आहे. "जुनं आहे म्हणून" हे कारण नव्हे. आणि गंमत बघा, जिने सगळ्यात जास्त बोर्ड खाल्ले असतील ती गोष्ट कपॅसिटर नाहीच, ती बॅटरी. अमिगा २०००, अमिगा ५०० प्लस, त्यांच्या बोर्डावर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि आजूबाजूचं तांबं हिरवं करून टाकते. तिच्याबद्दल हे उंटावरचे शहाणे अवाक्षर काढत नाहीत.

तर. तुटलेल्या जागी तार जोडली. उलटा कपॅसिटर काढला आणि पुडीतला म्हातारा परत बसवला, मुद्दाम. चालू केलं आणि काळा पडदा आला. नऊ दिवसांत पहिल्यांदा काळा पडदा बघून मला आनंद झाला, यावरून माझी अवस्था ओळखा.

डेड टेस्ट लावलं. पडदा लुकलुकला. पुन्हा लुकलुकला. मोजत बसले. किती वेळा लुकलुकतो त्यावरून कुठली रॅम चिप मेली ते कळतं. या बोर्डावर ६४ केबीसाठी आठ चिप्स असतात आणि प्रत्येकीकडे प्रत्येक बाइटमधला एकेक बिट. एक गेली की सगळेच बाइट लंगडे. कपॅसिटरचा काय संबंध यात? शून्य!

मग प्रश्न, चिप मेली का? तेव्हा कुठे मी तो "चालू स्थितीतला" पॉवर सप्लाय मोजला. ५ व्होल्टच्या जागी ६.१. या चिप्सना ५.२५च्या वर चालत नाही. त्या जुन्या काळ्या विटेत (पॉवर सप्लायला वीटच म्हणतात) आत इपॉक्सी ओतलेली आहे, उष्णतेला बाहेर जायला नीट वाट नाही, आणि आतला व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर म्हातारा झाला की व्होल्टेज पडण्याऐवजी पुष्कळदा चढतं. पडलं असतं तर मशीन नुसतं गप्प बसलं असतं. चढतं म्हणून ते रॅम भाजतं. यात नवीन काही नाही, या मशिनला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगतात: आधी वीट मोजा. दोन मिनिटांचं काम. मल्टिमीटरची दोन टोकं आणि प्लगच्या दोन पिना.

त्या माणसाने हे केलं असतं तर? वीट बाजूला ठेवली असती, एक चिप बदलली असती, संपला विषय. त्याऐवजी डझनभर सोल्डर जोड उपटले. आणि मीही पहिल्या दिवशी त्याच विटेवर मशीन लावलं, "चालू स्थितीत" या दोन शब्दांवर विश्वास ठेवून. माझ्या चांगल्या चिप्स त्या सहा व्होल्टवर फिरवून पाहिल्या मी. वाचल्या, नशीब. स्वतःलाही दोन ठेवून द्याव्याशा वाटतायत.

चिप काढली ती तरी रीतसर काढली. मेलेली चिप वाचवायची कशाला? आधी तिचे सोळाही पाय कापले, धड फेकून दिलं, मग एकेका पायाला ताजं सोल्डर लावून, ते पूर्ण वितळल्यावर पाय अलगद उचलला. बळी द्यायचा तर चिपचा द्यावा, बोर्डाचा नाही. बोर्ड नवीन मिळत नाही. सॉकेट बसवलं, नवीन चिप घातली. पुन्हा लुकलुक, या वेळी वेगळा आकडा. म्हणजे दुसरीही गेलेली. तीही बदलली. वीट कचऱ्यात, तिच्या जागी नवा पुरवठा.

निळा पडदा. ३८९११ बेसिक बाइट्स फ्री. रेडी. कर्सर लुकलुकतोय. या लुकलुकण्याचा आकडा मोजावा लागत नाही.

आज संध्याकाळी तोच मित्र आला, ज्याने पहिल्या दिवशी फोनवर निदान केलं होतं. टेबलाशी उभा राहिला, पडदा बघितला, मान डोलावली.

"झालं ना चालू? मी म्हटलंच होतं तुला, कपॅसिटर बदलले की होतंच."

मी त्याच्या हातात तो फुगलेला कपॅसिटर ठेवला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बघ, किती खराब झाला होता."