पेन? पाच रुपयाला मिळतं की!

परवा पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, मी एक अर्धवट जळालेला प्लास्टिकचा दांडका रोख पैसे मोजून विकत घेतला. जाळला मी नव्हता.

मला हवा होता डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकचा, सोळा मिलिमीटर जाडीचा, वीतभर. घरच्या छोट्या लेथवर मी फाउंटन पेनं करतो. पेनात शाईपेक्षा आटेच जास्त. निब सेक्शनमध्ये (बोटांनी धरतो तो भाग), सेक्शन नळीत, नळी टोपणात. टोपणाला तर तीन आटे एकात एक गुंफलेले लागतात. अंतर ०.८ मिलिमीटर, पण एका फेऱ्यात टोपण २.४ मिलिमीटर सरकतं आणि दीडेक फेऱ्यात मोकळं होतं. साधा एकेरी आटा ठेवला तर टोपण उघडेपर्यंत सहीला आलेला कुरिअरवाला पुढच्या गल्लीत. एवढी नाजूक कामगिरी पहिल्याच फटक्यात, ज्याचं खरं पेन करायचं त्या महागाच्या एबोनाइटवर कोण करेल? म्हणून सराव. म्हणून डेलरिन.

"कंपनी कुठली?" दुकानदार.

"कंपनी नाही. घरीच करतो."

"काय?"

"पेन."

दुकानात शांतता पसरली. तेवढ्यात शेजारी एक नट घ्यायला आलेले काका वळले. शर्टाच्या खिशातून बॉलपेन काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. "पाच रुपये. तीन महिने चालतं."

मी हसलो. हसायला नको होतं, त्याला त्यांनी आमंत्रण समजलं.

"सरावाला डेलरिन? अहो, आम्ही ॲप्रेंटिसला लोखंडाचा ठोकळा आणि कानस द्यायचो. ठोकळा गुण्यात, काटकोनात आला की मगच मशीनला हात! तुम्ही लाकडावर का नाही करत?"

"लाकडात बारीक आटे टिकत नाहीत काका, भुगा होतो."

"मग पीव्हीसी पाइप?"

"भिंत पातळ असते."

"मेणबत्ती?"

मी उत्तर दिलं नाही. दुकानदार मात्र "मेणबत्ती चांगली आहे" असं मनापासून म्हणाला. मीटरभराखाली कापून देत नाही, म्हणून त्याने माझ्यापुढे तुकड्यांचा डबा सरकवला होता. त्यातले सगळे दांडके पांढरे. नायलॉन पांढरं, डेलरिन पांढरं, एचडीपीई पांढरं. "सगळं डेलरिनच आहे साहेब."

"असं कसं?" काकांनी लायटर काढला. "जाळून बघायचं. डेलरिनचा धूर नाकाला झोंबतो, फॉर्मलिनसारखा. नायलॉन जळालं की केस जळाल्यासारखा वास. एचडीपीई म्हणजे विझलेली मेणबत्ती." हे सगळं खरं आहे. आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी दांडका पेटवला.

धूर निघाला. काका स्थिर. "सांगा, कसला वास येतोय? माझा वास कोविडमध्ये गेला तो गेलाच."

मग मतदान झालं. पडद्याचे हूक घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "केस जळल्यासारखं वाटतंय." दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचेच लागले असतील." दुकानातल्या पोराला डोसा करपल्याचा वास आला. मी म्हणालो नायलॉन. माझं मत कुणी धरलंच नाही, कारण मी पेन करतो. काकांनी बहुमताने डेलरिन जाहीर केलं, नट खिशात टाकला आणि निघून गेले.

"आता हा घ्यावाच लागेल," दुकानदार म्हणाला. "जाळलात ना?"

घरी डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, लावली. डेलरिनला ती चावली की कडक बारीक साल निघते आणि आटा लख्ख उभा राहतो. हे मात्र शेवयांसारखं लोंबत राहिलं, आट्यांवर लव उगवली. नायलॉनच!

बरं, खरं डेलरिन मिळालं असतं तरी काय? ते इतकं सोशिक असतं की त्यावर कुणाचेही आटे सुंदर पडतात. मग तुम्ही छाती फुगवून ॲक्रिलिककडे वळता आणि ते कडेला टवका उडवून मोकळं होतं. सराव खरं तर ज्याचं पेन करायचं त्याच्याच उरल्यासुरल्या तुकड्यावर करावा. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. लेथवर चढवलं की घरभर गंधकाचा वास सुटतो आणि बायको खिडक्या उघडत सुटते, पण आटे काय धरतं! आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या 'रत्नम' पेनवाल्यांनी १९३२ पासून पेनं केली, ती काही मेणबत्तीवर शिकून केली नसणार.

पण तो तुकडा आणायचा कुठून? बाजार किलोचा, मीटरचा, जीएसटी नंबरवाल्यांचा. वीतभर माल मागणारा माणूस तिथे एक तर चोर नाही तर रिकामटेकडा. घरी क्रिकेट बघत पाच तास लोळलो असतो तर कुणी विचारलं नसतं, की ही मॅच मोबाइलवर फुकट हायलाइट्समध्ये मिळते, मग कशाला बघता? पेन केलं की मात्र अख्ख्या आळीला हिशेब हवा.

बिल हातात धरून मी दुकानदाराला फोन केला नाही असं नाही. त्यावर छापलंय 'डेलरिन', दरही डेलरिनचा. तो म्हणाला, "काकांनी पास केलं होतं ना? त्यांनाच विचारा."