१८७ मूळ संख्या नाही, आणि १ सुद्धा नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्यात तीन गोष्टी मुलांकडून पाठ करून घ्यायला सांगितलंय. एक, १ ही सर्वांत लहान मूळ संख्या. दोन, सहाच्या पाढ्यातल्या कुठल्याही संख्येत १ मिळवा किंवा वजा करा, मूळ संख्याच मिळते. तीन, ही युक्ती नसेल तर संख्या मूळ आहे का ते बघायला तिच्या खालच्या एकूण एक संख्येने भागत बसावं लागतं. सहावीतल्या माझ्या भाचीने हे वहीत उतरवूनही घेतलं. शाळेत ती यांना ‘अभाज्य’ म्हणते, घरी आपण ‘मूळ’ म्हणतो; चूक मात्र दोन्हीकडे तीच.

दुसरा मुद्दा आधी घेते. तो अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवतो. सहाने भागून ०, २ किंवा ४ उरले तर संख्या सम असते, ३ उरले तर तिला तीनने भाग जातो. त्यामुळे ३ पेक्षा मोठ्या मूळ संख्येला बाकी १ किंवा ५ च उरते. इथवर बरोबर. पण कावळा काळा असतो म्हणून काळा दिसला तो कावळा, असं होत नाही. २४ + १ = २५. ३६ − १ = ३५. ५ पासून शंभरपर्यंत अशा ३२ संख्या येतात, त्यातल्या ९ संयुक्त, म्हणजे दोन लहान संख्यांच्या गुणाकाराने बनलेल्या: २५, ३५, ४९, ५५, ६५, ७७, ८५, ९१, ९५.

आणखी एक उदाहरण तर आपल्याच गावचं आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबागेचं दान कोरलंय. २७० मधल्या शून्यासाठी जगभरातून लोक तो बघायला येतात. मी भाचीला १८७ दाखवला. सहा एकतीस १८६, अधिक १. “मावशी, म्हणजे मूळच!” मग आम्ही चिंचोके मोजून जमिनीवर मांडले. अकरा ओळी, प्रत्येकीत सतरा, एकही शिल्लक नाही. तेरा चिंचोके घेतले, तर एका सरळ ओळीखेरीज त्यांचा आयत होईना. मूळ आणि संयुक्त यांतला फरक तिला तिथे दिसला.

१ बद्दल: पूर्वी काही गणिती १ ला मूळ धरत, अमेरिकी गणिती लेहमर यांची १९१४ ची मूळ संख्यांची छापील यादीही १ पासूनच सुरू होते. आज मूळ संख्येला बरोबर दोन वेगवेगळे विभाजक लागतात. १ ला एकच आहे. कारणही पक्कं आहे. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, क्रम सोडला तर दुसरी मांडणी नाही. १ ला मूळ मानलं की पुढे हवे तितके १ जोडता येतील आणि ती एकमेव मांडणी मोडेल.

तिसऱ्या मुद्द्यातली भीती नाहक आहे. १३ चा वर्ग १६९, १४ चा १९६. १८७ चे दोन्ही अवयव १३ पेक्षा मोठे असते, तर गुणाकार निदान १९६ झाला असता. म्हणून २, ३, ५, ७, ११, १३ एवढ्यांनीच भागून बघायचं. अकराला तर अंक आलटून-पालटून वजा-अधिक केले, १ − ८ + ७ = ०, एवढ्यावरच भाग जातो हे कळतं.

त्याच शिलालेखात संवत ९३३ आहे. अंकांची बेरीज १५, म्हणजे तीनने भाग जातो: ३ × ३११. ३११ चं काय, ते भाचीने स्वतः पाहिलं. १८ चा वर्ग ३२४, म्हणून १७ पर्यंतच्या सात मूळ संख्या घेतल्या. एकीनेही भाग गेला नाही, आणि तिने वहीत लिहिलं: मूळ.